आपला डब्बा आपण नाई खायचा

मारोतीभाऊंचा फोन आला तेव्हा मी परीले न्हाऊ घालून राहिली होती. तिच्या डोक्यात साबण, माह्या हातात मग्गा, अन् फोन वाजूनच राहिला... "वहिनी, आधी शेजारच्या काकूंले बोलवा, मंग माह्याशी बोला," म्हणे. मले तेवढ्यातच समजलं. माणूस असं काहून म्हणन? परीचे पप्पा सकाळी सदर बाजारातल्या दुकानात गेले, मालाचे खोके उचलता उचलता खाली बसले अन् उठलेच नाई. संध्याकाळी घर माणसांनी भरलं, त्यात मारोतीभाऊंच्या हातात यांचा डब्बा होता, न उघडलेला. "आज हा मी खाणार होतो, वहिनी," एवढंच बोलले अन् ओट्यावर ठेवून दिला.

यांचा डब्बा मारोतीभाऊ काहून खाणार, असं वाचणाऱ्याले वाटन. तेच तं सांगायचं आहे. मारोतीभाऊ म्हणे, हे पेपरात लिहा. मी म्हटलं, मी दहावी नापास, मले पेपरात लिहिता येत नाई. ते म्हणे, जसं बोलता तसं लिहा. तं तसंच लिहून राहिली, चुकलं तं चुकलं.

हे काटोलकडल्या खेड्यातून नागपूरले कॉलेजात आले होते. लकडगंजात लाकडाच्या टालामागं, म्हणजे वखारीमागं, एक खोली, तिच्यात तिकडलेच चार पोट्टे. चौघांचे डब्बे घरून पहिल्या बसनं यायचे, ड्रायव्हरजवळ ठेवलेले, एकानं स्टँडवर जाऊन आणायचे. मारोतीभाऊ त्यांतलेच एक. ते जेवताना भिंतीकडे तोंड करून बसत, काहून तं त्यांच्या डब्ब्यात रोज भाकर अन् तिखट, बस. अन् यांच्या डब्ब्यात माह्या सासूबाईच्या पाटवड्या. एक दिवस यांनी मागून जाऊन मारोतीभाऊंचा डब्बा उचलला अन् पळाले, टालावरच्या लाकडांवर चढून भाकर खात बसले. मारोतीभाऊ खालून ओरडून राहिले, "अबे चोरा, मी का उपाशी मरू?" हे वरून म्हणे, "माहा खा ना बे, तिथंच तं पडला आहे!" बाकीचे दोघं हसले, मंग त्यांनीही एकमेकांचे ओढले. तेव्हापासून ठरलं, आपला डब्बा आपण नाई खायचा. कोणाचा कोणाले येईन, भांडायचं नाई, अन् भिंतीकडे तोंड तं करायचंच नाई. कॉलेजातले पोट्टे या चौघांले डब्बाचोर म्हणून चिडवायचे. यांनी काय करावं, खोलीच्या दारावर रंगानं लिहूनच टाकलं... डब्बाचोर मंडळ.

मंग उमरेडचा एक आला, सावनेरचे दोन आले, बाजूची खोली घेतली, मंग वरची. नव्या पोट्ट्याची रॅगिंग एकच, त्याचा डब्बा पळवायचा अन् दुसऱ्याचा त्याच्यासमोर ठेवायचा. ज्याचा डब्बा घरून नाई आला त्याले सगळ्यांच्या आधी वाढायचं, अन् काहून नाई आला ते विचारायचं नाई. कॉलेज सुटलं, नोकऱ्या लागल्या, खोलीत नवे पोट्टे आले, पण हे रविवारी खोलीवर जातच. अन् मारोतीभाऊंचं ऑफिस यांच्या दुकानाजवळच, तं त्या दोघांची अदलाबदल रोजचीच.

मले हे कोणी सांगितलंच नव्हतं ना! लग्नानंतर पहिला डब्बा केला, भरले वांगे, एकेक वांगं पाहून निवडलेलं. दिवसभर वाट पाहिली. आल्या आल्या विचारलं, "कसा होता?" तं हे म्हणे, "मले का मालूम? मारोतीनं खाल्ला." मी रडाले लागली. "मंग मी कोणासाठी करून राहिली?" हे घाबरले, बूटही काढले नाई, म्हणे, "रडू नको वं, मारोती म्हणे, चांगला होता... फक्त मीठ कमी होतं." मले रडता रडता हसूच आलं. पुढं मले रोज यांच्या तोंडून मारोतीभाऊंचंच मत ऐकावं लागे.

तेरवी झाल्यावर सासरे म्हणाले, "सामान बांध पोरी. आता नागपुरात तुह्यं कोण हाये?" परीची शाळा इथं ठरली आहे, यांनीच ठरवली. पण मले भेव वाटे. किराया, गॅस, पोरीचं दुखणंखुपणं, सगळं हेच पाहत. म्हणून मी हो म्हटलं नाई अन् नाईही म्हटलं नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तं हातानं डब्बा भरून टाकला होता, सवयच ती. आता हा खाणार कोण? मी तं खाऊ शकत नाई. तं परीले कडेवर घेतलं अन् निघाली लकडगंजले, सासरे मागं मागं, "कुठं चालली वं?"

खोलीत पाहते तं काय... सगळे पोट्टे आपापला डब्बा घेऊन, भिंतीकडे तोंड करून. मारोतीभाऊही तिथंच, खाली पाहून बसलेले. म्हणे, "दिनेश गेला, वहिनी. आता कोणाले कोणाचा ओढू वाटत नाई. मंडळ बंद करून राहिलो." मले काय झालं माहीत नाई, मी जवळच्या पोट्ट्याचा डब्बा ओढला अन् माहा त्याच्यापुढं आदळला. "हा तुमचा! अन् हा माहा!" परी टाळ्या पिटून म्हणे, "मम्मी चोर! मम्मी चोर!" तं एकजण हसला, मंग दुसऱ्यानं तिसऱ्याचा ओढला, अन् मारोतीभाऊंनी डोळे पुसत माह्या सासऱ्यांच्या हातात एक डब्बा दिला. सासरे दारातच उभे राहून खाऊन राहिले. डब्बा रिकामा झाल्यावर म्हणाले, "कोणाच्या मायनं केलं गा हे? चांगलं हाये." मंग माह्याकडे न पाहता, "तुही सासू सोमवारपासून इथं डब्बा पाठवन. पहिल्या गाडीनं. तू पोरीची शाळा पाह्य."

अन् ते एकटेच गावाले गेले.

भेव गेलं नाई, खोटं कायले सांगू. पण पोट्टे सकाळी मी भरलेला यांचा डब्बा घेऊन जातात, कोणाच्या तरी घरचा मले देतात. संध्याकाळी घासून आणतात, अन् मी तो खिडकीत उलटा ठेवते, हे ठेवत तसाच. जो आणतो त्याले मी विचारते, "कसा होता?"

"चांगला होता, वहिनी. मीठ कमी होतं."

मी कमीच टाकते.