लाल मण्यांच्या रांगा

बांबूच्या त्या चटया आठवल्या की माझं डोकं अजूनही तापतं.

गोष्ट सत्तरच्या आसपासची. मी बालाघाटजवळच्या मँगनीज खाणीत वजनकाट्यावर होतो. मुलगी गावातल्या कॉलेजात बीएस्सीला, रसायनशास्त्र घेऊन. जबलपूरच्या प्रदर्शनाला कॉलेजातून एकच मॉडेल जायचं होतं आणि तिचं निवडलं गेलं होतं. मॉडेलबरोबर तीही जाणार होती. जिल्ह्याबाहेर पहिल्यांदाच.

विषय तिनंच घेतलेला: ग्रॅफाइट आणि त्याचं ऑक्साइड. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि अशा जाळ्यांचे थर एकावर एक. कोंबड्या झाकायच्या डालीची वीण तशीच सहा कोनांची, म्हणून तिनं बुरडाकडून सपाट चटया विणून आणल्या. "आता यात कोंबड्या कुठी ठेवाच्या?" तिची आई म्हणाली. ऑक्साइड होताना ऑक्सिजन या जाळीला जागोजागी चिकटतो, थर दूर सरकतात, मधे पाणी शिरतं. त्यासाठी तिनं लाल मणी लावलेल्या काड्या वरच्या चटयांत खोचल्या. कुठे दाट, कुठे विरळ, एका कोपऱ्यात मोठा तुकडा मोकळाच.

मी आकडे विचारले. ग्रॅफाइटच्या थरांतलं अंतर साडेतीन अँग्स्ट्रॉमच्या आत, ठरलेलं. ऑक्साइडचं? दुप्पट किंवा त्याहून जास्त, पाणी किती शिरलं त्यावर. आणि ऑक्सिजन नेमका कुठे बसतो?

"ते अजून कोणालेच पक्कं माहीत नाही, बाबा. दोन पुस्तकांत दोन चित्रं हायेत. म्हणून तो कोपरा मोकळा ठेवला."

मला ते पटेना. माहीत नाही तर मॉडेल कशाला करायचं?

"तुमी पावसाळ्यात ओल्या मालाच्या वजनापुढं 'ओला' लिहिता नं? पाणी किती, ते लिहिता का?"

नाही लिहीत. काट्याला दगड आणि पाणी वेगळं कळत नाही, म्हणून 'ओला' लिहून थांबायचं, ही आमची रीत होती. अंदाजानं पाणी वजा करणाऱ्याला मी काट्याजवळ उभा करत नसे.

विभागप्रमुखांना मात्र मॉडेल विस्कटलेलं वाटलं. मण्यांच्या सरळ रांगा कर, म्हणाले. तिनं दोन्ही पुस्तकं उघडून दाखवली, त्यांनी ती मिटून ठेवली. तेव्हा मी स्वतः कॉलेजात गेलो.

"प्रदर्शनी में 'पता नहीं' नहीं चलता," ते म्हणाले. "देखने वाले को साफ़ दिखना चाहिए।"

साफ दिसावं म्हणून खोटं दाखवायचं का, असं मी विचारलं. त्यांनी चपराशाला चहा आणायला सांगितला. एकच.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत गेली, तर सगळ्या काड्या उपटून कवायतीच्या पोरांसारख्या रांगेत लावलेल्या. मोकळा कोपराही जादा काड्यांनी भरलेला. खाली चिठ्ठीवर तिचं नाव. तिनं सांगितलं, मणी होते तसे लावा, नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं. जबलपूरला दुसराच विद्यार्थी गेला.

ऑक्सिजन कुठे असतो हे त्या माणसाला माहीत नव्हतं, याबद्दल माझी तक्रार नाही. ते कोणालाच माहीत नव्हतं. पण माहीत नसताना त्यानं रांग लावली, आणि त्या रांगेपायी माझ्या पोरीची जागा हिसकावली. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

मॉडेलला बक्षीस मिळालं, नीटनेटकेपणाबद्दल. बक्षीस कॉलेजात राहिलं. चटया चपराशी आमच्या ओट्यावर टाकून गेला.

"घाल चुलीत," तिची आई म्हणाली.

पोरगी ओट्यावर बसली आणि एकेक काडी उपटून माझ्या हातात देऊ लागली. मग एकेक मागून परत खोचू लागली, कुठे दाट, कुठे विरळ. कोपऱ्याशी आली तेव्हा माझ्या मुठीत काड्या उरल्या होत्या. मी त्या पुढे केल्या.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिथलं माहीत नाही."