हनमंत्यांच्या चिठ्ठ्या आणि माझे खिळे

बातमी आली तेव्हा मी हनमंत्यांच्याच नावानं खडे फोडत होतो. चार पानांचं प्रूफ वाचायला म्हणून नेलं, त्याला तीन महिने झाले, ना कागद परत ना निरोप. या माणसाला आता नांदेडला जाऊन धरलंच पाहिजे, असं मी समोरच्या चहावाल्याला सांगत होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. "काका, बाबा गेले... सकाळीच." अशा वेळी माणूस काहीतरी बरं बोलतो. माझ्या तोंडून निघालं, "आणि प्रूफ?" ती म्हणाली, "उशाशीच हाय." मला स्वतःची लाज वाटली, पण खरं सांगतो, त्याआधी हनमंत्यांचा रागच आला. काम अर्धवट टाकून जायची सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

किशन हनमंते मूळचे बिलोलीकडचे. सरकारी कचेरीत कारकून म्हणून राबले आणि नांदेडला निवृत्त झाले. ते पंडित नव्हते. दुष्काळ पडला की माणसं नवे शब्द घडवतात, जुन्यांना नवे अर्थ देतात, आणि पाऊस आला की विसरूनही जातात. ते शब्द गोळा करायचे, असं खूळ त्यांनी घेतलं होतं. मी खलील शेख, लातुरात छापखाना चालवणारा. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, हे आमचं पोट. हनमंत्यांचा कोश मी छापायचा असं आमचं जवानीत ठरलं. आम्ही म्हातारे झालो, त्यातले एक गेले, कोश काही झाला नाही.

दर शब्दाची एक चिठ्ठी. शब्द, अर्थ, बोललेलं वाक्य जसंच्या तसं, आणि खाली बोलणाऱ्याचं नाव-गाव. तीन वेगळ्या माणसांनी, न विचारता, आपणहून तो शब्द वापरला तरच चिठ्ठी पक्की. एकदा माझ्या प्रेससमोर टँकरची रांग लागली होती. माणसं कमी आणि घागरीच जास्त. सगळ्यांच्या तोंडी 'नंबर', आणि आमचे हनमंते महाराज शेंबड्या पोरालाही कळेल ते कळत नसल्यासारखं तोंड करून उभे. एका बाईनं शेवटी झापलं, "चष्मा लावून फिरता अन् नंबर म्हंजे काय ते ठावं न्हाई? ही घागर हाय न्हवं, हाच माजा नंबर. मी घरी भाकरी करून राहिले, नंबर हितं हुबा हाय." हनमंते खूष. वही काढून आधी काय विचारावं? "बाई, तुमचं नाव?" बाईला वाटलं साहेब तक्रार लिहून घेतोय. ती घागर उचलून दुसऱ्या टोकाला गेली आणि मागच्या सगळ्यांनी मला दोष दिला. असं माझ्या दारात कितीदा झालं, त्याची मोजदाद नाही.

हे नावाचं वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर हजेरी घ्यायला होते. कोवळं वय, वर साहेबाची घाई. पुरुषांची नावं नीट लिहिली जायची, बायकांपुढे अमक्याची बायको, तमक्याची सून. मिलो, सुकडी असले शब्द तेव्हाच पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडले. परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरीला नावं ठेवत आणि कामावर वाटायच्या कोरड्या खाऊची, सुकडीची वाट बघत बाया दगड फोडायच्या. एक दिवस एका बाईनं वाकून मस्टरात बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?" यांनी नवऱ्याचं नाव दाखवलं. ती म्हणाली, "त्यो तर बसलाय घरी. दगड मी फोडले. मग मी आलेच न्हाई म्हना की." "मग नाव लिहिलं का?" मी विचारलं. म्हणाले, "न्हाई ना खलीलभाई. साहेब हाका मारून राहिला होता. नाव विचारायचंच ऱ्हाऊन गेलं."

पुढे लातूर जिल्हा झाला. तोवर आमच्याकडे 'जिल्ह्याला जाऊन येतो' म्हणजे उस्मानाबादची एसटी. जिल्हा गावातच आला तरी आमचे म्हातारे कितीतरी दिवस जिल्ह्याला जायचं म्हणून स्टँडवरच जायचे. हनमंते नांदेडहून खास त्यांची बोलणी ऐकायला येत आणि चहा माझ्या नावावर पीत. त्याच सुमारास एका मंडळानं ठरवलं की नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमात हनमंत्यांच्या शब्दांची छोटी पुस्तिका काढायची. पुन्हा टंचाई होती, नळ कोरडे होते, विषय ताजा होता. मंडळाची एकच अट होती, पुस्तिका वेळेवर हवी.

आमच्या कंपोझिटरनं चिठ्ठ्यांवरून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. पण हनमंत्यांच्या पानात नावंच नावं. पानं वाढली, खणांच्या लाकडी केसमधले खिळे संपायला आले, एकट्या 'बाई'पायी माझे 'ब' उडाले. हनमंते तेव्हा इस्लापूरकडे कुठल्याशा शब्दाचा तिसरा साक्षीदार शोधत फिरत होते. मी वैतागून ठरवलं, नावं काढायची. कोश शब्दांचा आहे, मतदारयादी नव्हे. खिळ्यांची ओळ उलटी असते, वाचायची तर सावकाश वाचावी लागते. मी वाचली नाही. दर शब्दाखालची शेवटची ओळ चिमट्यानं उचलली आणि खिळे केसमध्ये परत टाकले. एका दुपारचं काम.

दोन दिवसांनी ते आले. पान बघितलं. आवाज चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता, पण ते हळूच म्हणाले, "कुनाकुनाला काढलं, ते वाचलं तरी का?" मी म्हणालो, "साहेब, कोश उघडून नावं कोण वाचतो? जागा लागते नावांना." त्यांनी चिठ्ठ्या पिशवीत भरल्या आणि म्हणाले, "हे पान छापू नका, खिळे सोडू बी नका." कार्यक्रम झाला, भाषणं झाली, पुस्तिका नव्हती. मंडळानं मला पुन्हा काम दिलं नाही. हनमंते वर्षभर बोलले नाहीत, आणि मग एक दिवस काहीच न घडल्यासारखे सीताफळं आणि नवा शब्द घेऊन दारात हजर.

त्यानंतर जो प्रकाशक भेटला त्यानं हेच सांगितलं, नावं गाळा, छापू. हनमंते नाही म्हणाले. मीही दरवेळी त्यांना सांगत राहिलो, अहो माना की. रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा तर त्यांनी पिशवीभर चिठ्ठ्या आणल्या. खिळे जाऊन संगणक आला होता. मी शेवटचा तोडगा म्हणून नावं बारीक टायपात घातली. तेच ते प्रूफ.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या विधीला, नांदेडला गेलो. सुजातानं प्रूफ दिलं. चार पानांवर लाल शाईत एकच दुरुस्ती होती: 'नाव शब्दाएवढंच मोठं.' मी तिच्यादेखत कपाळावर हात मारला. मग तिनं चिठ्ठ्यांचे बिस्किटांचे डबे पुढे केले. "बाबा म्हनले होते, खलीलभाईकडंच द्या. ते वरडतील, पर ठेवतील."

घरी आणून सहज 'नंबर'ची चिठ्ठी काढली. बघावं म्हटलं, ती घागर उचलून गेलेली बाई सापडते का. ती नव्हती. तिसऱ्या साक्षीचं वाक्य होतं: 'पीतल की घागर मेरा नंबर हय, उसकू हात नको लगाव.' खाली नाव: जैबुनबी, लातूर.

जैबुनबी माझी अम्मी. हनमंत्यांनी खलीलची आई असं लिहिलं नव्हतं, तिचं नाव लिहिलं होतं. ती आयुष्यभर कुणाची तरी बीवी आणि कुणाची तरी अम्मी होती. रेशनकार्डावर तिच्या नावाआधी माझ्या अब्बांचं नाव होतं. छापील अक्षरात ती एकदाच येणार होती, तिच्याच मुलाच्या छापखान्यात, आणि पुस्तिकेच्या पानातल्या 'नंबर'खालची ती ओळ मी न वाचता उचलली होती. हनमंत्यांना ते माहीत होतं. इतकी वर्षं माझा चहा प्यायले, माझ्या शिव्या खाल्ल्या, पण एकदाही तसं म्हणाले नाहीत. त्याचाही मला रागच आला. मग रडू आलं.

खिळ्यांचं ते पान अजून माझ्याकडे आहे. प्रेसच्या कोपऱ्यात, जुन्या ट्रेडल यंत्राशेजारी, पत्र्याच्या ताटलीवर सुतळीनं बांधलेलं. काल सुतळी सोडली. जुनी केस धूळ झटकून ओढली, 'ज' शोधला, नाव जुळवलं. 'नंबर' आणि पुढच्या शब्दाच्या मधली, जागा सोडायला घातलेली शिशाची एक पट्टी काढली. नाव बसलं. एवढीच जागा लागत होती.