तीन सेकंदांची आमटी

धंद्याला सोशल मीडिया चांगला की वाईट, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. घरातली पहिली पदवी माझी, तीही बी.कॉम.ची, तेव्हा मला हे ठाऊक असणारच असा त्यांचा समज. मी सांगते, चांगला. आणि सांगताना अजून डोकं तापतं.

माझे वडील, म्हणजे दादा, आचारी. नगर जिल्ह्यात मिरजगावच्या पुढं आमचं गाव. लग्न असो, दहावा असो, दादांचीच शिपी आमटी: डाळीची, काळ्या मसाल्याची, भाकरी कुस्करून ओरपायची. देवीच्या जत्रेचा भंडारा तर मला कळायला लागल्यापासून त्यांच्याच हातचा. त्या भंडाऱ्याचा एक नेम आहे. देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत आचाऱ्यानं आमटी चाखायची नाही. मोठमोठ्या कढयांतलं मीठ दादा नुसत्या वासावर आणि फेसावर ओळखतात. हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

मी त्यांच्या कामाचं इन्स्टाग्रामवर पान काढलं तेव्हा ते कुरकुरले होते. "जेवलेला मानूस सांगतो की चार जनांना. मोबाईल कशाला?" पण त्या पानावरूनच राहात्याहून लग्नाची ऑर्डर आली, मग भिंगारहून वास्तुशांतीची. त्याआधी ओळखपाळख असल्याशिवाय तालुक्याबाहेर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. राहात्याला नवरीच्या मामांनी दादांना खुर्चीत बसवून शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तो दिवस मी का नाकारू?

मागच्या जत्रेत मी दिवसभर मोबाईल घेऊन चुलींभोवती होते. फोडणी, उकळी, नैवेद्याचं ताट देवळात गेलं ते, मग दादांनी पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली ते, आणि शेवटी पंगत. सगळं ओळीनं टिपलं आणि व्हिडिओ जोडून देणाऱ्या नगरच्या एका माणसाकडं पाठवलं. तो म्हणाला, "ताई, पहिल्या तीन सेकंदांत चव दिसली नाही तर लोक पुढं सरकतात." त्यानं दादांचं चाखणं सगळ्यात आधी लावलं आणि नैवेद्याचं ताट सगळ्यात शेवटी. मी बघितलं, मला आवडलं, मी टाकलं. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी तालुकाभर तेच. आचाऱ्यानं देवीच्या आधी खाल्लं! असं लिहिणाऱ्यांत कोण होते? त्याच पंगतीत बसून तीन-तीनदा वाढून घेतलेले आमच्याच गावचे लोक.

जत्रा कमिटीतले एक चुलते घरी आले. ओट्यावर बसायच्या आधीच सुरू झाले, "कॉलेज शिकून हेच केलंस व्हय गं? बापाला पार उघडं पाडलंस!"

"काका, नैवेद्याचं ताट तुम्हीच देवळात नेलं होतं. दादांनी चाखलं तेव्हा तुम्ही शेजारीच होता."

"हुतो की. पर व्हिडिओत आधी दिसतंय."

"आणि तुमच्या डोळ्यांना काय दिसलं?"

"माझ्या डोळ्यांचं कोन इचारतंय पोरी? समद्यांनी मोबाईलवर बघितलंय."

मी त्यांना सगळं मूळ चित्रण लावून दिलं, वेळेसकट. निम्मं बघितलं, तेवढ्यात त्यांना फोन आला. फोन ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझ्या बापाला म्हनावं, हात जोडून माफीचा एक व्हिडिओ टाक. मिटलं. फुडच्या जत्रंला आचारी तूच."

दादा आतून ऐकत होते. बाहेर आले. "जे केलंच न्हाई त्याची माफी मागितली, तर ते केलं आसं हुईल. मग माझ्या हातचा निवद देवीला कसा चालंल?"

"मग दुसरा आचारी बघावा लागंल."

"बघा."

मी तो व्हिडिओ काढून टाकला. सगळं ओळीनं लावलेला दुसरा टाकला आणि क्रम बदलल्याची माफी माझी मी मागितली. खोट्यामागं तालुका धावला होता. खरं बघायला मात्र शेजारच्या गल्लीलाही सवड नव्हती. याचाच मला राग येतो. मोबाईलला काय दोष द्यायचा? चव जिभेवर असताना लोकांनी काचेवर विश्वास ठेवला.

यंदा जत्रेच्याच दिवशी राहात्याला एक लग्न होतं. ऑर्डर पानावरूनच आलेली. जत्रेच्या दिवसाचं बाहेरचं काम दादांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. आमटी फक्कड झाली, वऱ्हाडी खूश. भांडी टेम्पोत चढवताना दादांनी मला विचारलं, "आपल्याकडं आज आमटी कशी झाली आसंल गं?"

मोबाईल उघडला असता तर लगेच कळलं असतं. गावातल्या निम्म्या लोकांनी भंडाऱ्याचे व्हिडिओ टाकले असणार. मी तो पर्समधून काढलाच नाही.

"माहीत नाही, दादा," मी म्हणाले, आणि कढईचा दुसरा कान धरला.