फळ्याच्या तळाला

संगप्पा रेल्वेत डायवर होता, पण त्याची स्वतःची अशी गाडी नव्हती. सोलापूरच्या शेडमध्ये लिंकवाल्या डायवरांना ठरलेली गाडी, ठरलेली वेळ, ठरलेली सुट्टी. हा पडला स्पेअर. कुणी आजारी पडला, कुणाची सासू वारली, कुठली मालगाडी अवेळी येऊन टपकली, की कॉलमन धोंडीराम सायकल मारत क्वार्टरच्या दारात हजर. तोवर घर सोडायचं न्हाय. न्हाव्याकडं बसायचं तरी बायकोला सांगून. अर्ध्या दाढीनं इंजनावर चढायची पाळी त्याच्यावर आलेली.

"स्पेअर म्हंजे स्टेपनी की," तो हसून सांगायचा. "पडून ऱ्हायाचं, आन दुसऱ्याचं पंक्चर झालं की फिरायचं."

पण दुष्काळ सरून ज्वारी पुन्हा डोक्याएवढी झाली, त्या साली त्याचं हसू आटलं. लेक नीलम्मा पंचमीला म्हणून माहेरी आलेली. तिला न्यायला सासरा सोमलिंग आला, आणि नेमका त्याच सकाळी धोंडीरामानं संगप्पाला उचलला. त्या घराची रीत अशी, की बापानं आपल्या हातानं व्याह्याच्या उपरण्यात खोबऱ्याची वाटी आणि पान-सुपारी घालायची. मगच पोरगी उंबरा ओलांडणार. सोमलिंग चहाला न शिवता उठला. "बापाला लेकीपरीस कोळसा प्यारा," असं संगप्पाच्या बायकोला, गंगम्माला, ऐकवून गेला.

मग मध्यस्थ झाले, निरोप झाले, रुसवे-फुगवे झाले. शेवटी सोमलिंगचा सांगावा आला: सोमवारी वळसंगला, तुमच्या थोरल्या घरी, भावकीसमोर. या खेपेला बाप दिसला न्हाय, तर पोराचं दुसरं लगीन लावून मी मोकळा.

संगप्पानं रजा मागितली. साहेब म्हणाले, "स्पेअरला रजा दिली, तर स्पेअर कोण?"

तेव्हा त्यानं आपलं डोकं चालवलं. शेडमध्ये स्पेअर डायवरांच्या नावांचा काळा फळा होता. वरचं नाव आधी निघायचं. जो खेप मारून आला, त्याचं नाव तळाला. शनिवारी संगप्पा फळ्याच्या मधोमध होता. नावं सरकत सरकत सोमवारी तो बरोबर माथ्यावर येणार, हे त्याला दिसत होतं. तो धोंडीरामाकडं गेला.

"आजची वाडी जंक्शनची मालगाडी मला दे."

"नंबर न्हाय की तुमचा. आन आपण हून कॉल मागणारा डायवर मी तर पयल्यांदाच बगतुया. तब्येत बरी हाय न्हवं?"

"आज गेलो की सोमवारी सकाळी माघारी. आलो की तळाला. मग तुज्या बापाला बी घावायचो न्हाय."

गंगम्माला हे पटलं नाही. "अवं, नका जाऊ. घरातच पडून ऱ्हावा. बोलावणं आलंच तर आजारी हाय म्हना."

"खोट्या आजाराला रेल्वेचा डाक्टर बगायला येतुया, गंगे. फळ्याचा हिशेब पक्का असतुया."

ती लेकीला घेऊन वळसंगला गेली. हा वाडीला गेला. तिथल्या बाजारात चांगली घसघशीत खोबऱ्याची वाटी घेतली, कोरी सुपारी घेतली, पानं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सगळं पत्र्याच्या पेटीत ठेवून सोमवारी पहाटे परतीची मालगाडी धरली.

हिशेब पक्का होता. चुकलं एवढंच, की फळ्यावर डायवरांची नावं असतात, रुळांवरच्या गाड्यांची नसतात.

वळसंगच्या शिवाराला लागून असलेल्या छोट्या ठेसनावर त्याची गाडी बाजूच्या रुळावर घातली गेली. पुढं कुणाचं तरी इंजन बंद पडून गाड्या तुंबल्या होत्या. वाट मोकळी झाली तशी मागनं मेल आली, तिला वाट दिली. पॅसेंजर आली, तिलाही दिली. मालगाडीला कोण विचारतो! इंजनावरनं गावातल्या देवळाचं शिखर दिसत होतं. त्याच्या पलीकडं थोरलं घर.

त्यानं रुळांवर काम करणाऱ्या एका गँगमनला थोरल्या घरी पिटाळलं. "सांग, बाप हितंच हाय. आत्ता येतुया."

गँगमन बऱ्याच वेळानं घाम पुसत आला.

"काय म्हनले बीगरू?" व्याह्याला ते कानडीप्रमाणं बीगरू म्हणायचे.

"म्हनले, इंजनावर हाय तर इंजनालाच पान-सुपारी द्या म्हनावं."

फायरमन बिरदेव फावडं टाकून म्हणाला, "मालक, जावा तुमी. इंजन मी सांबाळतो. गाव दिसतंय की हितनं."

"आन सिग्नल पडून निघायची पाळी आली तर? माज्यासंगं तू बी घरी बसशील. बाळंतीण बायको हाय तुजी."

पण ऊन कलायला लागलं तसा त्याचा जीव ऱ्हाईना. पेटी काखेत मारून तो खाली उतरला. खडीवरनं चार वाघिणी ओलांडल्या असतील-नसतील, तोच मागनं बिरदेवानं शिटी दिली. सिग्नलचा हात पडला होता.

संगप्पा तिथंच उभा राहिला. एकदा शिखराकडं बघितलं, एकदा इंजनाकडं. मग माघारी वळला.

गाडी हलली. ठेसनापुढच्या फाटकाशी एक बैलगाडी खोळंबली होती. पुढं सोमलिंग. मागं सुनेसाठी अंथरलेली फुलाफुलांची सतरंजी, आणि तिच्यावर कुणी न्हाय.

"बीगरू!" संगप्पा निम्मा बाहेर लोंबकळत ओरडला. "आलो की मी! हितंच होतो! बीगरू!"

वाफेच्या फुसफुशीत ते सोमलिंगला ऐकू गेलं की न्हाय, देव जाणे. तो फाटक उघडायची वाट बघत बैलांच्या शिंगांकडं बघत होता.

शेडमध्ये धोंडीरामानं ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि खडूनं नाव लिहिलं. "घ्या संगप्पा, तळाला! आता जावा कुटं जायचं तितं."

संगप्पानं पेटी उघडली. पानांवर कोळशाची भुकटी बसली होती. ती सदऱ्याला पुसून त्यानं पान-सुपारी आणि खोबऱ्याची वाटी धोंडीरामाच्या हातात ठेवली.

"आरं वा!" धोंडीरामानं सुपारी तोंडात टाकली. "म्हंजे लेक नांदायला गेली म्हना की!"

"व्हय," संगप्पा म्हणाला, आणि बाकड्यावर बसून राहिला.