काजळाची डबी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि अनोळखी माणसासमोर तोंड उघडायला जरा कमी जड जातं. बघू, कुठवर जमतं ते.

मी वाशिमला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी माझं ठरलेलं भाषण असतं. आजाऱ्यांची सेवा मग करा, आधी स्वतः आजारी पडू नका. टॉवेल आपला आपला. पाण्याची बाटली आपली आपली. कंगवा, साबण, काजळ — काही म्हणजे काही एकमेकींचं वापरायचं नाही. ड्यूटीच्या नादात जेवण चुकवायचं नाही. अंग जरा तापलं, डोळा जरा चुरचुरला, तरी लगेच येऊन सांगायचं. सांगितलं तर मी रागावणार नाही, लपवलं तर मात्र माझ्याइतकं वाईट कुणी नाही. पोरी मला पाठीमागे ‘टॉवेलवाल्या मॅडम’ म्हणतात. म्हणू देत बापड्या. स्टाफरूममध्येही म्हणतात, मॅडमचं तत्त्व म्हणजे तत्त्व. तत्त्व कसलं डोंबलाचं? पण ते ऐकून घेते मी. चहा पिते आणि ऐकून घेते.

मी शिकत होते तेव्हा माझ्या खोलीत दुर्गा होती. मी वाशिमजवळच्या मालेगावची, ती तिकडे किन्हीराजाची. एकाच तालुक्यातल्या, म्हणून पहिल्या दिवशीच आम्ही खाटा एकमेकींना लावून घेतल्या. तिचे मायबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. घराला कुलूप. त्यामुळे सुट्टी आली की ती मामाकडे जायची, नाही तर सरळ माझ्याबरोबर आमच्या घरी. माझी आई माझ्याआधी तिच्या ताटात भाकरी टाकायची आणि मी तोंड फुगवायची.

कशी होती दुर्गा? वटवट करणारी. हॉस्टेलचं पाणी खराब आहे म्हणून रोज पातेलंभर पाणी उकळून ठेवणारी. मी न जेवता ड्यूटीवर निघाले की दाराशी आडवी उभी राहणारी. “जेवून घे वं संध्ये, तूच पडली तं पेशंटले कोन पाह्यते?” नवीन होतो तेव्हा मी वॉर्डातून ताप घेऊन आले. माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत ती बसून राहिली, आणि वरून मलाच शिव्या देत होती, मास्क नीट लावत नाहीस म्हणून. मला सख्खी बहीण नाही. तेव्हा वाटलं होतं, असती तर अशीच असती.

आता काजळाचं सांगते. माझी आई काजळ घरीच करायची. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी धरायची, तिच्यावर जमलेली काजळी खरवडून तुपात कालवायची आणि पितळेच्या इवल्याशा डबीत भरून द्यायची. दुर्गाचे डोळे मोठे, काळेभोर. तिला ते काजळ इतकं आवडायचं की मला आलेली डबी आमच्या दोघींची होऊन गेली. आमच्याकडे बघा — वॉर्डात नखाखालून मनगटापर्यंत साबणानं हात चोळायचं शिकायचो, त्यावर तोंडी परीक्षा द्यायचो, आणि सकाळी खोलीत एकाच डबीत दोघींची बोटं. बाहेरचे जंतू तेवढे जंतू. घरातले जणू जंतूच नव्हते.

होळीच्या सुमारास डोळ्यांची साथ आली. दुर्गाची ड्यूटी डोळ्यांच्या ओपीडीत होती, माझी पुरुषांच्या वॉर्डात. हॉस्टेलचा नियम सरळ होता — जिचे डोळे आले तिनं घरी जायचं आणि पूर्ण बरं झाल्यावरच तोंड दाखवायचं. आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा दिव्याचा कार्यक्रम होता. नर्सिंगच्या पोरींसाठी हा कार्यक्रम काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पांढऱ्याशुभ्र गणवेशात हातात दिवा घेऊन ओळीनं उभं राहायचं, शपथ घ्यायची. घरचे लोक समोर बसलेले असतात. पहिला दिवा दुर्गा लावणार होती, शपथही तीच सांगणार होती, कारण तिचा आवाज खणखणीत होता. तिची माय कामावरून सुट्टी काढून थेट येणार होती. लेकीला गणवेशात तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मी रविवारी मालेगावला घरी जाऊन आले. माझ्या धाकट्या भावाचे डोळे आलेले. मी त्याचे डोळे पुसून दिले, त्याच्याजवळ झोपले. सोमवारी सकाळी हॉस्टेलमध्ये उठले तर डावी पापणी चिकटलेली.

मला माहीत होतं. हे मला सांगायचंच आहे — मला तेव्हाच माहीत होतं. आम्ही तेच तर शिकत होतो.

कोमट पाण्यानं डोळा धुतला. आरशात पाहिलं, फार लाल नव्हता. नीट काजळ घातलं तर कळणार नाही, एवढाच. म्हणून मी डबी उघडली, बोट बुडवलं, त्या डोळ्यात फिरवलं आणि तेच बोट पुन्हा डबीत घातलं. तेवढ्यात दुर्गा अंघोळ करून आली. ओले केस, तोंडानं शपथेचे शब्द घोळत होती. रोजच्यासारखी तिनं माझ्या हातातून डबी घेतली.

‘थांब’ म्हणायचं होतं. फक्त ‘थांब’. जीभ का उचलली नाही? कारण तिनं विचारलं असतं, काहून? मग माझ्या डोळ्याकडे पाहिलं असतं. आणि ती अशी पोरगी होती की तिनं माझा हात धरून मला सरळ आमच्या हॉस्टेलच्या सिस्टरांपुढे उभं केलं असतं, मग घरी पाठवताना स्वतःच माझी पिशवी भरून दिली असती. माझा कार्यक्रम गेला असता. बस, एवढंच. एका दिव्यासाठी मी गप्प बसले आणि तिचं बोट तिच्या डोळ्यात जाताना बघत राहिले.

एकदाच झालं असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल. पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मेडिकलमधून थेंब आणून मी चोरून टाकत होते, माझा डोळा निवळत होता, आणि डबी तिथंच खिडकीत होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुर्गाचे दोन्ही डोळे सुजून लालबुंद झाले. सिस्टरांनी तिला सगळ्या मुलींसमोर उभं करून झापलं. ओपीडीत हात धुतले नसतील, डोळ्याला हात लावला असेल, जिला स्वतःला सांभाळता येत नाही ती रोग्याला काय सांभाळणार? दुर्गा खाली मान घालून म्हणाली, “चुकलं सिस्टर.” मी तिच्या मागच्याच रांगेत होते. तिची वेणी मला हात लांबवला तर लागली असती. डबीत बोट घालताना भीती होती म्हणता येईल. पण इथं? इथं मी नुसती ऐकत उभी होते.

मग सिस्टरांनी विचारलं, शपथ आणखी कुणाची पाठ आहे? माझी होती. दुर्गाकडून रोज ऐकून ऐकून झाली होती. माझं नाव घेतलं गेलं आणि — सांगूनच टाकते — मला आनंद झाला. तिची पिशवी भरताना मी रडत होते आणि आत कुठेतरी उद्याच्या गणवेशाला इस्त्री करायची आठवण ठेवत होते. दोन्ही खरं होतं. मामाकडे जायची गाडी येईपर्यंत ती माझ्यापासून लांब सरकून बसली, मला लागू नये म्हणून.

तिच्या मायला निरोप पोचलाच नाही. मुकादमाच्या फोनवर सांगेपर्यंत ती एसटीत बसली होती. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे येऊन बसली. हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. दिवा घेऊन मी आले तेव्हा ती माझ्या मागे दुर्गाला शोधत होती. मी शपथ सांगितली, आवाज कुठेही अडकला नाही. ती टाळ्या वाजवत होती आणि तिची नजर रांगेवरून फिरत होती, पहिल्या मुलीपासून शेवटच्या मुलीपर्यंत, पुन्हा पहिल्या मुलीपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर मीच जाऊन सांगितलं. दुर्गाचे डोळे आलेत मावशी, ती मामाकडे आहे. मला वाटलं, मावशी आता रडेल. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, जवळून निरखला आणि म्हणाली, “तुले तं नाई ना झाले डोये, माय?”

मी म्हटलं, नाही.

तिनं माझ्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा वाजली. “लय दिष्ट लागली पोरीले,” म्हणाली. मग फोटोवाल्याला बोलावून माझ्याबरोबर एक फोटो काढून घेतला. लेकीला दाखवायला.

दुर्गा बरी होऊन आली तेव्हा पहिलं काय बोलली असेल? “म्या त्या दिवशी तुह्या डबीत बोट घातलं होतं वं. तुले झाले असते तं? मले मामाच्या घरी झोप नाई लागली. फेकून दे ते डबी.” डबी मी आधीच हॉस्टेलमागच्या नाल्यात टाकली होती. तिला म्हटलं, जाऊ दे गं, झालं ते झालं. म्हणजे मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? माझ्या चुकीसाठी मी तिला माफ केलं, आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकला.

त्यानंतर तिनं काजळ घातलं नाही. लग्नात बायकांनी आग्रह केला तरी नाही. म्हणे, मले सोसत नाई. इतके सुंदर डोळे, आणि उघडे.

आज ती एका आरोग्य केंद्रात आहे. गावोगाव फिरते, बायका तिला नावानं हाक मारतात, माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगली नर्स आहे. तिचे मायबाप आता ऊसतोडीला जात नाहीत, तिनंच बंद करायला लावलं. किन्हीराजाला त्यांनी पक्कं घर बांधलं. घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर मोठ्या फ्रेममध्ये तो फोटो आहे. दिवा धरलेली मी, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून दुर्गाची माय. दुर्गाचा दिव्यासोबतचा फोटो नाही. तो कुणी काढलाच नाही. आल्यागेल्याला मावशी सांगते, ही पण माहीच लेक.

दुर्गाला ते आलेले डोळे मी दिले. हेच ते. याच्या अलीकडे-पलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

मागच्या महिन्यात गेले होते. मावशीला आता नीट दिसत नाही, मोतीबिंदू पिकलाय. दुर्गा ऑपरेशनची तारीख बघतेय. मी आल्याचं आवाजावरून ओळखलं तिनं. उठून चाचपडत आली, माझा चेहरा हातांत घेतला, जवळून बघायचा प्रयत्न केला आणि नेहमीसारखी कानशिलांवर बोटं मोडली. म्हातारपणानं आता ती पूर्वीसारखी वाजत नाहीत. दुर्गा स्वयंपाकघरातून ओरडली, जेवल्याशिवाय जायचं नाही वं संध्ये. मी मान खाली केली, म्हातारीचे हात पोचावेत म्हणून.