एका गळ्यातले चार पक्षी

भाऊराव इंगळ्यांना आमच्या मंडळाने कसं काढलं, ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं निसर्ग मंडळ फाल्गुन-चैत्रात दर रविवारी सकाळी लोकांना पक्षी ऐकायला नेतं. वाट दाखवायचे भाऊराव. तीस वर्षं वनमजुरी केलेला माणूस. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे तिखट, की शिंपी आणि वटवट्या हे दोन चिमुकले पक्षी एकाच झुडपातून ओरडले तरी वेगळे काढून दाखवायचे. एकदाच चुकले. पुढच्या रविवारी सगळ्यांना थांबवून म्हणाले, "मांगच्या टायमाले म्या चुकीचं सांगतलं. तो शिंपी नोयता, वटवट्या होता." कुणी विचारलंही नव्हतं.

मंडळाचे सचिव शेखर हे खामगावचे. यंदा त्यांनी मोबाइलवर आवाज ओळखणारं अॅप आणलं. एका मोहरलेल्या आंब्यापाशी अॅपने भराभर नावं दाखवली. शिक्रा, कोतवाल, बुलबुल, शिंपी. यादी लिहायचं काम माझ्याकडे होतं.

भाऊरावांनी मान हलवली. "येकच पाखरू हाय. हरेवा. साऱ्याइची नक्कल करून राह्यला."

शेखर हसले. "काका, मशीन खोटं बोलत नाही."

"चार पाखरं येकमेकाची वाट पाहून बोलतात काय? एक थांबला का दुसरा, दुसरा थांबला का तिसरा. हा येकाच गळ्याचा दम हाय."

पानांत काहीच दिसत नव्हतं. लोकही हसले. आणि मी, बावीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई, चार नावं लिहून खाली सही ठोकली. नंतर चहा पिताना शेखर सर्वांदेखत म्हणाले, "डोळे तर गेलेच होते, आता काकांचे कानही गेले. पुढच्या रविवारपासून त्रास नको त्यांना." उचलली जीभ लावली टाळ्याला. भाऊरावांनी कप खाली ठेवला आणि ते घरी गेले.

मला ते पचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण घेऊन त्या आंब्याखाली तासभर मान वर करून उभी राहिले. पानाच्याच रंगाचा एक पक्षी, गळा काळा. त्याने शिक्र्याची किंकाळी काढली, थांबला, मग बुलबुलासारखा बोलला. झाडावर दुसरं कुणी नव्हतं.

शेखरना फोन केला. "मॅडम, यादी छापायला गेली. एका पाखरासाठी एवढं काय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक मशीनची आणि काढलं माणसाला.

तशीच भाऊरावांकडे गेले. वाटलं, ऐकून सुखावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मले काऊन सांगता, बाई? मले त तवाच ऐकू आलं होतं. जे हसले, त्याइले सांगा."

तीन रविवार उलटले. मी अजून सांगितलेलं नाही. शेखर झाडाकडे मोबाइल धरतात, नावं वाचतात, आणि मी मुकाट लिहिते.