नसीमच्या लग्नाची गादी

गादीवाले चाचा रोज सकाळी लेकीचं लग्न ठरल्याची बातमी पहिल्यांदाच ऐकत आणि रोज तेवढेच हरखून जात. "काहून सांगतलं नाही मले?" म्हणून चाचीवर लटकेच रागावत. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात-पाय लुळा पडला होता आणि कालचा दिवस आज त्यांच्यापाशी उरत नसे. बाजाराच्या दिवशी मी घाटंजीला त्यांच्या घरी व्यायाम शिकवायला जायची. दर वेळी मीही त्यांना नवीच असायची.

व्यायामाचं आणि त्यांचं कधी जमलंच नाही. हातात रबरी चेंडू दिला तर म्हणाले, "बेटी, हे कायले पिळू? यातून रस निघते काय?" पाय उचला म्हटलं की डोळे मिटून घेत. मी हात टेकले. ज्याला उद्या काही आठवणार नाही, त्यानं आज कशासाठी झिजायचं?

लेकीला बापाच्या हातची गादी द्यायची, ही या पिंजाऱ्याच्या घरची रीत. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, नवी गादी भरायला गिऱ्हाईक नव्हतं. दुकान झटक्याआधीच थंडावलेलं. तरी नसीमचं लग्न ठरलं तेव्हा चाचीनं ती बातमी सांगून कापसाची टोपली त्यांच्या मांडीशी ठेवली. चाचांची ती आखडलेली बोटं हळूहळू कापसात शिरली. "कापूस पडून राह्यला म्हणून मानसानं बी पडून राहायचं काय?"

मग रोज सकाळी तीच बातमी, तीच टोपली. खोळीत कापूस ठासता ठासता हाताला बळ आलं. गादीभोवती फिरावं लागे, म्हणून चाचा आधी सरकू लागले, मग भिंत धरून उभे राहिले. दुपारच्या उन्हात कापसाची तुसं तरंगत राहायची, चाचा काहीबाही गुणगुणायचे, आणि मला परतीच्या एसटीचं भान राहत नसे. फार गोड दिवस होते ते.

गादी झाली, लग्न झालं. गादी घेऊन नसीम महागावला सासरी गेली. दुसऱ्या दिवशी चाचा तिला शोधू लागले. चाचीनं खरं ते सांगितलं. "लग्नात मी होतो काय?" एवढंच विचारून ते भिंतीकडे तोंड करून निजले. पुढच्या सकाळीही तेच, त्यापुढेही तेच. हात पुन्हा आखडू लागला.

शेवटी चाचीनं घरातली जुनी गादी उसवली आणि लग्न ठरल्याची बातमी पुन्हा सांगायला घेतली. गादी पुरी होत आली, की चाचा झोपल्यावर ती टाके काढून ठेवायची. मला म्हणाली, "खोटं बोलून राह्यली मी, ताई. पन मानूस उठून बसते ना."

पुढं एकदा मी गेले, तर नसीम माहेरी आली होती, कडेवर तान्हं बाळ. चाचांनी सुई थांबवली. "तुह्याच लग्नाची गादी हाये, बेटा. हे लेकरू कोनाचं?"

नसीमनं आईकडे पाहिलं. "शेजारचं हाये, अब्बा."

"मंग ठेव त्याले इथं. गादी कशी झाली, ते लेकराच्या झोपेवरून कळते."

तिनं बाळाला अर्ध्या शिवलेल्या गादीवर ठेवलं आणि तोंडाला ओढणी लावली. चाचा त्याला थोपटू लागले, उजव्या हातानं. त्या हाताचा पंजा पुरता उघडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.